हातानें केलेलें घड्याळ

१९६९ मध्यें जपानच्या सीको कंपनीनें क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ विकावयास काढिलें, तेव्हां किल्लीच्या घड्याळांची सद्दी संपली असें जाणतेही म्हणूं लागले. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिरास तें मान्य नव्हतें. घड्याळाचा बहुतेक प्रत्येक भाग तो स्वहस्तें घडवी. त्याचा ग्रंथ वाचून रॉजर स्मिथ नामक तरुणानें एक खिशांतलें घड्याळ केलें; तें हातानें केल्यासारखें दिसतें, म्हणून डॅनियल्सनें नापसंत केलें! हस्तकौशल्याचे गोडवे गाणाऱ्या आमच्या रसिकांस हा नकार चमत्कारिक वाटेल. आम्हांस तो यथार्थ वाटतो. दुसऱ्या घड्याळांत स्मिथचीं सुमारें पांच वर्षें गेलीं. तें मात्र गुरूच्या कसोटीस उतरलें. पुढें मॅन बेटावर स्मिथनें मनगटी घड्याळें करण्यास आरंभ केला. तीं वर्षाकाठीं मोजकींच निघतात.