वार्धक्य आणि सभासदत्व : परभणी जिल्ह्याच्या इतिहासातील एक धागा

मनुष्य म्हातारा होतो तेव्हा त्याचे काय जाते, असा प्रश्न केला असता बहुतेक लोक शरीराचे बळ जाते असे उत्तर देतील. हे उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे आहे. वार्धक्यात मनुष्याच्या तीन गोष्टी हळूहळू सुटतात: हातची मिळकत, रोजची सोबत आणि शब्दाचे वजन. पैकी पहिल्या दोहोंची उणीव घरचे लोक काही अंशी भरून काढू शकतात. तिसरीची भरपाई मात्र प्रेमळ पुत्रासही करता येत नाही. काल ज्याच्या सहीवाचून कागद हालत नसे, तो आज त्याच कचेरीच्या खिडकीशी उभा राहतो, आणि आतला कारकून मान वर करून पाहत नाही. अशा वेळी त्यास दया नको असते. आपले कोणीतरी मोजीत आहे, आपले नाव कोठेतरी मांडलेले आहे, एवढीच खात्री हवी असते. ज्या संस्थेत मनुष्य वर्गणी देऊन सभासद होतो, ती संस्था नेमके हेच करते. आश्रित म्हणून नव्हे, तर हक्कदार म्हणून त्याचे नाव ती वहीत लिहिते.

अशा संघांविषयी आपल्या सुशिक्षित घरांतून एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. तो असा की, एकत्र कुटुंब शाबूत होते तोवर वृद्धांस संघाची गरज पडली नाही. कुटुंबे मोडली आणि पाश्चात्यांचे अनुकरण सुरू झाले, तेव्हा ही ज्येष्ठांची मंडळे निघाली. हे मत इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, ते आम्हांस पाहावयाचे आहे. त्यासाठी पुण्यामुंबईचे उदाहरण न घेता आम्ही मराठवाड्यातील परभणी जिल्हा घेतला आहे. कारण तेथे संस्था उशिरा निघाल्या, आणि त्या का निघाल्या हे म्हणूनच अधिक स्वच्छ दिसते.

गोदावरीच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. या मुलखातील वारीची परंपरा शेकडो वर्षांची आहे, आणि आजही शेगावहून पंढरीस निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेड या वाटेने जाते. दिंडीकडे आपण भक्तीच्या दृष्टीने पाहतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्याकडे संस्था म्हणूनही पाहावे. दिंडीत शिरण्यास नियम आहे, माळ आहे, ठरलेली जागा आहे. वीणेकरी कोण, मृदंग कोणाचा, टाळकऱ्यांच्या रांगेत कोण कोठे उभा राहणार, हे ठरलेले असते. जेवणाखाणाच्या खर्चासाठी प्रत्येकाने आपला वाटा भरावयाचा. त्यास भिशी म्हणतात. शेतीचा कारभार मुलांच्या हाती गेल्यावर ज्या म्हाताऱ्यास घरी कोणी सल्ला विचारीत नाही, त्याच्या हाती दिंडीत वीणा येते. जिला सुनेच्या राज्यात ओसरीचा कोपरा उरतो, ती डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन पुढे चालते. वय वाढले की घरात मान उतरतो, आणि दिंडीत चढतो. हे सर्व एकत्र कुटुंब ऐन भरात असतानाच चालू होते. म्हणजे पोट भरणारे घर असूनही आपल्या वृद्धांस घराबाहेरचा एक संघ लागतच होता. आक्षेपाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

आता नव्या पद्धतीच्या संस्थांकडे वळू. पुण्यात सार्वजनिक सभा इ. स. १८७० मध्ये स्थापन झाली, आणि सभासदाने लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन यावे असा तिचा दंडक होता. त्याच सुमारास मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही विमेदारांनीच उभारलेली परस्पर विम्याची संस्था निघाली. परभणीस मात्र हे वारे लागणे कठीण होते. जिल्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. तेथे ‘गश्ती निशाण ५३’ या कुप्रसिद्ध हुकमान्वये सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून सभा भरविता येत नसे. जेथे दहा माणसांनी एकत्र बसणे हाच संशयाचा विषय, तेथे वृद्धांनी आपल्या गाऱ्हाण्यांसाठी मंडळ काढावे ही कल्पना कोणास सुचावी? १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे भरले. परतूर आज जालना जिल्ह्यात असले तरी त्या वेळी ते परभणी जिल्ह्यातच मोडत असे. त्या अधिवेशनाचे महत्त्व राजकीय आहे हे खरे. परंतु वर्गणी, ठराव, अध्यक्ष, कार्यकारिणी हा सभासदत्वाचा धडा या मुलखातील पुष्कळांनी अशाच ठिकाणी गिरविला.

संस्थानी नोकरास सेवेअंती जे मिळे त्यास ‘वजीफा’ म्हणत. शब्दातच त्याचा स्वभाव दिसतो. वजीफा ही धन्याने संतुष्ट होऊन दिलेली बक्षिसी. ती कमी का, उशिरा का, असे विचारण्याची सोय नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले; १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन ठिकाणी वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राज्यांच्या पुनर्रचनेच्या कायद्यात निवृत्तिवेतनाच्या बोजाचीही वाटणी करावी लागली. ज्यांची उमेद उर्दू दप्तरात आणि हाली सिक्क्यात गेली, त्या म्हाताऱ्या नोकरांच्या डोक्यावरचे सरकार आठ वर्षांत दोनदा बदलले. धनी बदलला की बक्षिसीचा भरवसा उरत नाही. हक्क असेल तरच तो टिकतो.

बक्षिसी आणि हक्क यांतील हा भेद पुढे दोन प्रकरणांत ठळक झाला. पहिले स्वातंत्र्यसैनिकांचे. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. तुरुंगवासाचा पुरावा हवा. सरकारी कागद न मिळाल्यास त्या तुरुंगात सोबत असलेल्या सैनिकाचा दाखला चाले. तरुणपणी एका कोठडीत राहिलेल्या दोघांनी म्हातारपणी एकमेकांच्या सत्यतेस साक्ष द्यावी, यापरते सभासदत्वाचे बोलके उदाहरण कोणते? परंतु इतिहासकाराने नाण्याची दुसरी बाजूही दाखविली पाहिजे. शेजारच्या बीड जिल्ह्यात खोट्या दाखल्यांवर निवृत्तिवेतन घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. साक्षीवर उभ्या असलेल्या संस्थेत साक्ष विकली गेली की खऱ्या म्हाताऱ्याचाही शब्द संशयित ठरतो. आणि त्याचा जाच खोट्यांपेक्षा खऱ्यांसच अधिक होतो.

दुसरे प्रकरण डी. एस. नकारा यांच्या खटल्याचे. केंद्र सरकारने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे नियम उदार केले. पण त्यांचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा नंतर निवृत्त होणाऱ्यांसच ठेवला. एक दिवस आधी निवृत्त झालेला जन्मभर कमी घेणार, असा तो न्याय. याविरुद्ध दोन निवृत्त नोकर आणि ‘कॉमन कॉज’ ही नोंदणीकृत संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. १७ डिसेंबर १९८२ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन ही धन्याची कृपा नसून पूर्वी केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे, आणि तारखेची रेघ ओढून निवृत्तांत भेद करता येत नाही, असा त्याचा आशय. संस्था अर्जदार का झाली हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकटा पेन्शनर खटला संपेपर्यंत जगेल याची शाश्वती नसते. संस्था मरत नाही. म्हणूनच १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तांच्या संघटना देशभर पाळतात.

याच सुमारास, १९८० मध्ये, महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ स्थापन झाला; ‘फेस्कॉम’ या आद्याक्षरी नावाने तो ओळखला जातो. परभणी जिल्ह्यातही तोवर निवृत्तांचा नवा वर्ग तयार होऊ लागला होता. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन. तेथे रेल्वे नोकरांची वस्ती जुनी. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या व त्यांच्याबरोबर प्राथमिक शिक्षकांचा मोठा समुदाय. १९७२ मध्ये परभणीस कृषी विद्यापीठ आले. या नोकरदारांच्या पहिल्या पिढीस शेतावरच्या बापासारखे मरेपर्यंत राबावयाचे नव्हते. अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी एका संध्याकाळी हारतुरे, नारळ आणि शाल देऊन त्यांस घरी पाठविण्यात आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कोठे जावयाचे, हा प्रश्न त्यांच्या घराण्यात प्रथमच उत्पन्न झाला.

या प्रश्नाचे उत्तर असे संघ देतात. त्यांचे काम बाहेरून फार साधे दिसते. देवळाच्या सभामंडपात किंवा वाचनालयाच्या खोलीत ठरल्या वारी बैठक, वाढदिवसांचा सत्कार, एखादे व्याख्यान, वर्षातून एक सहल. हसणाऱ्यांनी हसावे. परंतु जो सभासद दोन बैठकांस आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी चौकशीस जातो. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. ज्याच्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्रावर उमटत नाहीत, त्यास सोबत लागते. सभासद वारला तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज कोणत्या नमुन्यात, कोणत्या कागदांसह करावयाचा, हे त्याच्या पत्नीस सांगणारा शहाणा माणूस संघात असतो. जिने जन्मात बँकेची पायरी चढली नाही, तिला त्या पंधरा दिवसांत या एका माणसाचा जो आधार होतो, त्याची किंमत रुपयांत करता येणार नाही.

अमेरिकेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. एथेल पर्सी अँड्रस या कॅलिफोर्नियातील निवृत्त मुख्याध्यापिकेने १९४७ मध्ये निवृत्त शिक्षकांचा राष्ट्रीय संघ काढला. वृद्धांस आजारपणाचा विमा देण्यास कंपन्या तयार नव्हत्या. समुदाय म्हणून मागणी करून त्यांनी १९५६ मध्ये तो मिळविला, आणि १९५८ मध्ये शिक्षकांपुरते दार न ठेवता सर्व निवृत्तांसाठी मोठा संघ स्थापन केला. आपणांस त्यातून घ्यावयाचा धडा संपत्तीचा नव्हे, दार उघडण्याचा आहे.

कारण आमच्याकडील संघांची खरी उणीव येथेच आहे. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीत १८,३६,०८६ होती, आणि तिचा सुमारे दोनतृतीयांशाहून अधिक भाग खेड्यांत राहतो. तेथील म्हाताऱ्यास पेन्शन नाही, सत्कार नाही, आणि निवृत्तीची तारीखही नाही. दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून ऊसतोडीची जोडपी कारखान्यांकडे निघून जातात, आणि उन्हाळ्यापर्यंत गावात म्हातारी माणसे व नातवंडे उरतात. या आजीने साठाव्या वर्षी नोकरी सोडलेली नाही; उलट तिला नवी नोकरी लागली आहे, आणि तिला पगार नाही. तिच्या वाट्यास श्रावणबाळ योजनेचे अनुदान येते, तेही कागद जुळले तर. तिचा संघ कोणता? बचत गट तरुण सुनांचे. भजनी मंडळ पुरुषांचे. ज्येष्ठ नागरिक संघ तालुक्याच्या गावी, पेन्शनरांचा.

आणि तिलाच संघाची गरज सर्वांत अधिक आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू झाला. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे करून दिलेली जमीन, तो सांभाळ करीत नसेल तर, या कायद्याने परत मागता येते. मुख्य म्हणजे वृद्धास स्वतः अर्ज करणे अशक्य असेल, तर त्याने अधिकार दिलेल्या नोंदणीकृत संस्थेस त्याच्या वतीने अर्ज करता येतो. पोटच्या मुलाविरुद्ध कागदावर अंगठा उठविण्यास कोणती आई धजते? कायदेमंडळाने तिचे मन ओळखून संस्थेस मध्ये उभे केले. पण तिच्या गावी ती संस्थाच नसेल, तर हे कलम पुस्तकात राहणार.

पुढची चिंता तर सुशिक्षितांचीच आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांस जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदानाची योजना लागू झाली. तेव्हा आजचा पेन्शनर संघ ज्या पायावर उभा आहे, तो पायाच पुढील पिढीत अरुंद होणार आहे. वही केवळ पेन्शनरांची राहिली तर ती मिटेल. तीत शेतमजूर, विधवा आणि ऊसतोडीच्या घरची आजी यांची नावे चढली तरच ती चालू राहील.

आरंभीच्या आक्षेपास आमचे उत्तर आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. संघ हा मोडक्या कुटुंबाचा पर्याय नव्हे. शाबूत कुटुंबातही जे मिळत नाही, ते देणारी ती जागा आहे. गंगाखेडच्या वाटेवरून जाणाऱ्या दिंडीस हे पूर्वीच ठाऊक होते. तिने कोणास पेन्शन विचारली नाही, सही येते का हेही विचारले नाही. भिशी भर आणि रांगेत ये, एवढेच सांगितले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी संघाचे सभासद असलेले वडील असतील, त्यांनी त्यांस एवढे विचारून पाहावे, की आपल्या संघाच्या वहीत आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या म्हाताऱ्या बाईचे नाव आहे काय? नसेल तर पहिल्या वर्षाची वर्गणी भरण्यास आपण मोकळे आहो.