हायट रीजन्सी पदपूल दुर्घटना

हायट रीजन्सी पदपूल दुर्घटना ही अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी शहरात १७ जुलै १९८१ रोजी घडली. हायट रीजन्सी हॉटेलाच्या मध्यवर्ती दालनात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना छताला टांगलेले दोन पादचारी पूल खालच्या गर्दीवर कोसळले. तीत ११४ जण मरण पावले व दोनशेहून अधिक जखमी झाले. अभियंत्याची व्यावसायिक जबाबदारी नेमकी कोठे संपते, या प्रश्नाच्या संदर्भात अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांतून ही घटना आवर्जून शिकवली जाते.

रचनेतील बदल

हॉटेल जुलै १९८० मध्ये खुले झाले. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या पातळीवर असलेले पूल पोलादी सळयांनी छताला टांगलेले होते. त्यांपैकी दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली होता. मूळ आराखड्यानुसार एकच अखंड सळई छतापासून दोन्ही पुलांतून खाली जायची होती. पोलादकाम करणाऱ्या हेवन्स स्टील या कंपनीला एवढ्या लांब सळईवर आटे पाडणे गैरसोयीचे वाटले. तिने एका सळईऐवजी दोन सुचवल्या : एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु आढ्याला बांधलेल्या एकाच दोराला दोन शिंकी वेगवेगळी अडकवणे आणि खालचे शिंके वरच्या शिंक्याच्या बुडाला बांधणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन्ही वेळा आढ्यावरील भार तेवढाच राहतो. दुसऱ्या प्रकारात मात्र वरच्या शिंक्याला स्वतःबरोबर खालच्याचेही वजन पेलावे लागते. येथेही चौथ्या मजल्याच्या तुळयांखालील नटांवर दोन्ही पुलांचा, म्हणजे जवळजवळ दुप्पट भार आला. भार वाढताच नट तुळईच्या छिद्रातून ओढले गेले व सळया निसटल्या.

चौकशी

'नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स' या संघराज्य शासनाच्या संस्थेने केलेल्या तपासणीत याहून गंभीर बाब उघड झाली. मूळ आराखड्यातील जोडसुद्धा शहराच्या बांधकाम नियमांना आवश्यक असलेल्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकला असता. म्हणजे दोष केवळ बदलाचा नव्हता. त्या जोडाचे गणित कोणी केलेच नव्हते. 'कॅन्सस सिटी स्टार' व 'कॅन्सस सिटी टाइम्स' या वृत्तपत्रांनी एका संरचना अभियंत्याच्या साहाय्याने सळयांतील बदल दुर्घटनेनंतर काही दिवसांतच जनतेपुढे आणला. त्यांच्या वार्तांकनाला १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

इशारा आधीच मिळाला होता. ऑक्टोबर १९७९ मध्ये, बांधकाम चालू असतानाच, त्याच दालनाच्या छताचा एक भाग कोसळला होता. त्यानंतर दालनातील पोलादी जोड पुन्हा तपासण्याचे आश्वासन देण्यात आले. पुलांचा जोड मात्र तसाच राहिला.

जबाबदारीचा वाद

संरचना अभियंता जॅक गिलम व प्रकल्प अभियंता डॅनियल डंकन यांचे म्हणणे असे होते की, अशा जोडांची रचना पोलादकाम करणाऱ्याने करावी, ही तेथील रूढी होती. बदल दूरध्वनीवरून कळवला होता की नाही, याबाबतही दोन्ही बाजूंचे दावे परस्परविरोधी होते. तथापि बदललेल्या कारखाना-नकाशांवर अभियंत्यांच्या संस्थेचा तपासणीचा शिक्का होता, आणि या एका वस्तुस्थितीपुढे बाकीचा युक्तिवाद लंगडा पडला.

फौजदारी गुन्हा कोणावरही सिद्ध झाला नाही. मात्र अभियंत्यांना परवाने देणाऱ्या मिसूरीच्या मंडळाने दाखल केलेल्या प्रकरणात प्रशासकीय न्यायाधीश जेम्स डॉइच यांनी १९८५ मध्ये दोघांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. शिक्का मारणारा अभियंता आपली जबाबदारी दुसऱ्यावर सोपवू शकत नाही, हे या निर्णयाचे सूत्र होते. दोघांचे मिसूरीतील परवाने रद्द झाले. गिलम यांनी पुढे अभियंत्यांच्या सभांतून या प्रकरणाविषयी अनेकदा व्याख्याने दिली.

हॉटेलाच्या दुरुस्तीनंतर दालनात दुसऱ्या मजल्यावर एकच पूल बांधण्यात आला. तो टांगलेला नसून खांबांवर उभा आहे.