कुंडल रोडचं माळरान

गेल्या महिन्यात माझा पार्टनर परत नोकरीला लागला. भांडण वगैरे काही नाही. घराचा हप्ता, लहान मुलगी... मी तरी काय बोलणार? जाताना म्हणाला, "अरे, वर्षभर बघतो, मग येतो परत." दोघांनाही माहीत होतं की तो येणार नाही.

तर मंडळी, दोन वर्षांपूर्वी नोकऱ्या सोडून काढलेली आमची छोटीशी सॉफ्टवेअर कंपनी आता म्हणजे मी, एक शिकाऊ पोरगा आणि कोथरूडच्या फ्लॅटमधली मागची खोली. वरच्या मजल्यावर फरशा बदलायचं काम चालू आहे. सकाळी दहाला ड्रिल सुरू होतं, बरोब्बर त्याच वेळी क्लायंटचा फोन येतो. दिवसभरात सलग एक तास कोड लिहून झाला तर मी स्वतःलाच चहा पाजतो. आई म्हणते, "साताऱ्याजवळचं घर रिकामंच आहे की. तिकडे जाऊन बस निवांत." आणि खरं सांगतो, गेले पंधरा दिवस मी त्याचा गंभीरपणे विचार करत होतो.

मग आठवलं, की निवांत माळावर जाऊन धंदा उभा करणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेलाय. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत कराडनंतर किर्लोस्करवाडी लागते. त्या स्टेशनचं पूर्वीचं नाव होतं कुंडल रोड.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले आणि तिथे लक्षात आलं की काही रंग आपल्याला ओळखूच येत नाहीत! रंगांचा नाद सोडला आणि यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजची व्हीजेटीआय) शिक्षक झाले. तिथे बढतीत डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून सरळ बेळगाव गाठलं. (आपण रिझाइन करताना किती नाटकं करतो बघा!)

बेळगावात थोरले भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान होतंच. रामुअण्णा सायकली विकायचे आणि पंधरा रुपये घेऊन चालवायलाही शिकवायचे. त्याला जोडून छोटी वर्कशॉप निघाली. आधी कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. हा नांगर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. पहिले नांगर खपायला जवळजवळ दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आमचं पहिलं प्रॉडक्ट सहा महिन्यांत खपलं नाही, तर आम्ही त्याचं नाव बदललं, रंग बदलला आणि शेवटी प्रॉडक्टच बदललं.

आणि जरा जम बसतोय तोवर नगरपालिकेची नोटीस आली. त्या जागी नवीन उपनगर वसवायचंय, वर्कशॉप हलवा.

म्हणजे इथेच माझ्या मनातली गोष्ट पहिल्यांदा चुकली. लक्ष्मणराव शांतता शोधायला माळावर गेलेच नव्हते. त्यांना हाकललं होतं.

त्या सुमारास औंध संस्थानात त्यांचं बांधकामाचं एक काम चालू होतं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 मध्ये गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकारही होते. एक चित्रकार राजा आणि एक रंग न ओळखता येणारा माजी चित्रकार. ते चित्रांवर काय बोलले असतील ते असतील, पण राजेसाहेबांनी हवी तेवढी जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी देऊ केले. 1910 मधले दहा हजार!

लक्ष्मणरावांनी बत्तीस एकर जागा निवडली. निवडुंग, खडक आणि नाग. पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन तिथे उतरले. पण जागा कशी निवडली ते बघा: रेल्वे स्टेशनला लागून. गाव नव्हतं, वस्ती नव्हती, पण कच्चा माल आणायला आणि नांगर पाठवायला रूळ होते. आजच्या भाषेत सांगायचं तर जागा आडबाजूची, पण नेटवर्क फुल्ल. मी ज्या घराचा विचार करत होतो तिथे फोन उचलायला गच्चीवर जावं लागतं.

आता माणसं. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. समविचारी माणसं म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर येतात माझ्यासारखीच माणसं. इंजिनियर, तिशीच्या आतबाहेरचे, तीच पुस्तकं वाचलेले, तेच जोक सांगणारे. किर्लोस्करवाडीत कोण होते? शंभुराव जांभेकर, शिक्षणात नापास झालेले, पण बंद पडलेलं कुठलंही यंत्र चालू करणारे. अनंतराव फळणीकर, शाळा अर्धवट सोडलेले, तेही तिथे इंजिनियर झाले. मंगेशराव रेगे हिशेब आणि कचेरी सांभाळायचे. के. के. कुलकर्णी विद्यार्थिदशेत खोड्यांसाठी प्रसिद्ध, ते पुढे खजिनदारीपासून कोर्टकचेरीपर्यंत सगळं बघायला लागले. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली. आणि राखणीला कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले दोघं. ज्यांच्यापासून लोक तिजोरी लपवायचे, त्यांच्याच भरवशावर ती वसाहत रात्री झोपायची.

यातले कुठलेही दोघं एकसारखे नाहीत. आज यांचे सीव्ही माझ्याकडे आले असते तर मी एकालाही इंटरव्ह्यूला बोलावलं नसतं, हे लिहिताना मलाच लाज वाटतेय. त्यांच्यात समान काय होतं? मला वाटतं एवढंच, की नांगर झाला पाहिजे हे सगळ्यांना पटलेलं होतं आणि आपापला भाग दुसऱ्याने न विचारता करायचा हे ठरलेलं होतं. हिशेब रेगे बघतायत म्हटल्यावर लक्ष्मणरावांना हिशेबाची वही उघडून बसायला नको. राखणीला तुकाराम आहे म्हटल्यावर रात्री उठायला नको. त्यांना मिळालेली शांतता ही माळरानाची नव्हतीच. फाउंड्रीच्या शेजारी कसली आलीय शांतता? ती या माणसांनी मिळवून दिलेली होती.

अर्थात सगळं गोड करून सांगण्यात अर्थ नाही. डोक्यावर राजाचा हात होता. तो आपल्याला नाही. आपल्याला बँक आहे आणि बँक चित्रं काढत नाही. शिवाय लक्ष्मणरावांसारखा नांगर घेऊन दोन वर्षं थांबलेले पण पुढे कधीच न खपलेले लोकही असणारच. त्यांच्या नावाची स्टेशनं नाहीत.

पुढचं बहुतेकांना माहीत असेल. 1920 मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतून मराठीतलं एक मोठं मासिक निघालं. त्याच टापूत, कराडजवळ, 1916 मध्ये ओगल्यांनी काचकारखाना काढला होता, प्रभाकर कंदिलवाले. एका वाडीला दुसऱ्या वाडीची सोबत होती. पुण्यात 1934 मध्ये आ. रा. भटांनी मराठा चेंबर सुरू केलं, ते तर छोट्या कारखानदारांनी एकत्र बसावं म्हणूनच. आणि 1946 मध्ये किर्लोस्कर ऑईल इंजिन्सच्या रूपाने ही मंडळी आपल्या खडकीत आली.

हे सगळं वाचल्यावर मी काय केलं? साताऱ्याजवळचं घर रद्द. आईला सांगितलं, ती म्हणाली, "मला वाटलंच." मग एक वही घेतली आणि दिवसभरात मी काय काय करतो ते लिहून काढलं. बिलं, जीएसटी, क्लायंटचे फोन, सर्व्हर, टेस्टिंग आणि उरलेल्या वेळात कोड. ड्रिलने मोडलेले तास मोजले तर रोजचे दोन भरले. बाकीचे मी स्वतःच मोडत होतो.

आमच्या जुन्या ऑफिसात ॲडमिनला एक ताई होत्या. बी. कॉम. अर्धवट, इंग्रजी बेतास बात, पण अडीचशे माणसांचं ऑफिस त्यांच्या एका रजिस्टरवर चालायचं. काल त्यांना फोन केला. बिलं आणि क्लायंटचे फोन, दिवसाचे चार तास, पगार एवढा एवढा देऊ शकेन म्हणालो. त्या आधी खूप हसल्या. म्हणाल्या, "मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय सर?" मी म्हटलं, "ताई, म्हणूनच."

सोमवारी येतायत. त्यांच्यासाठी खुर्ची आणायचीय, आणि वर ड्रिल सुरू झालंय. असो. बाकी पुढच्या शनिवारी.