ठराव होता, पाणी नव्हते

लोकशाही म्हणजे बहुमत, असे सांगणाऱ्यांना आम्ही महाड नगरपालिकेच्या दोन ठरावांची आठवण करून देतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. सुरबानाना टिपणीसांसारखे सुधारक त्यामागे होते. कागद पूर्ण झाला. पण सवर्णांच्या धाकामुळे तीन वर्षे तळ्यावर जाण्याची सोय नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बंधू-भगिनींसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. बाबासाहेबांनी नवा हक्क मागितला नव्हता, मंजूर झालेला हक्क बजावला होता. उत्तर काय मिळाले? परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले गेले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बहुमताने दिलेले बहुमतानेच काढून घेतले!

डिसेंबरमध्ये सवर्णांनी कोर्टातून मनाईहुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला मात्र लांबत गेला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. बंदीची रूढी अनादी काळापासून आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आले नाही. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

यातून बाबासाहेबांनी घेतलेला धडा स्पष्ट आहे. माणुसकीचा हक्क गावाच्या मतदानावर सोडता येत नाही. म्हणूनच १९३२ मध्ये ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा आग्रह धरला. म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते. कोणत्याही ग्रामसभेला हे ठरावाने पुसता येत नाही.

१९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, पंचायतीत राखीव जागा आल्या. पण खुर्ची राखीव आणि निर्णय पाटलाच्या वाड्यात, ही स्थिती किती गावांत आहे? ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. तुमच्या गावात ते कशावर खर्च झाले, हे तुम्ही कधी विचारले का?

२० मार्चला महाडला जरूर चला. पण पुढच्या ग्रामसभेलाही जा, उभे राहा, हिशेब मागा, प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या. हक्क न बजावता नुसता ठराव जपून ठेवला, तर तो कधी रद्द झाला हेही कळत नाही.

जय भीम!