डब्लिनची दुर्बीण

लडाखमधील हानलेची दुर्बीण आपल्या होसकोट्यातून चालवली जाते, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तिची एक थोरली बहीण पुण्याची होती! डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब (१८४४–१९३१) यांनी घडवलेली, वीस इंची. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली वेधशाळा झाली. प्रा. कावसजी नायगमवाला यांनी ती नेटाने चालवली. १८९८ च्या खग्रास ग्रहणाला ते जेऊरला तळ ठोकून होते. १९१२ साली ते निवृत्त झाले नि वेधशाळेला टाळे लागले. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरात दुसरा माणूस उभा राहू नये, याची मला आजही खंत वाटते. दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुढे लडाखचे आकाश पारखायला लेहला नेली ती हीच!