वाघीण हेच माप

मालगाडीच्या डब्याला आपल्याकडे 'वाघीण' म्हणतात. 'वॅगन' हा इंग्रजी शब्द कामगारांच्या तोंडी रुळला आणि त्याची वाघीण झाली. फाटकापाशी थांबल्यावर आपण वाघिणी मोजतो खऱ्या, पण चित्र काढायचे तर मुले इंजिनाचेच काढतात. जुन्या वस्तू जपतानाही बहुधा असेच झाले. इंजिने संग्रहालयात गेली, वाघिणी भंगारात. म्हणूनच भंगारातून वाचलेल्या एका जुन्या वाघिणीची ओळख येथे करून घेऊ. तिचे नाव 'चॉल्ड्रन'.

ईशान्य इंग्लंडमध्ये टाइन आणि वेअर या नद्यांच्या परिसरात कोळशाच्या खाणी होत्या. खाणीतला कोळसा नदीकाठी आणायचा, तिथून नावांनी समुद्राकडे आणि मग जहाजाने लंडनला, असा हा व्यापार. खरी अडचण खाण ते नदी या थोड्याशा अंतराची होती. पावसाळी चिखलात गाडीची चाके रुतत. सतराव्या शतकात तेथे लाकडी रूळ टाकले जाऊ लागले. कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर चाक रुतत नाही, त्यामुळे एक घोडा पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त ओझे ओढू लागला. वाफेचे इंजिन रुळांवर यायला अजून शंभराहून अधिक वर्षे होती. १७२६ साली पुरा झालेला कॉझी येथील दगडी कमानीचा पूल याच घोड्यांच्या वाघिणींसाठी बांधलेला होता. सुमारे ३२ मीटर लांबीची ती कमान आजही उभी आहे.

वाघिणीची घडण साधी, पण विचारपूर्वक केलेली होती. वर रुंद आणि खाली निमुळती अशी लाकडी पेटी, तळाला उघडणारे दार. नदीवर उभारलेल्या उंच धक्क्यावर वाघीण आणून दार उघडले, की कोळसा आपल्याच वजनाने खाली घसरे. बाजू तिरक्या असल्याने कोपऱ्यात काही अडकत नसे. उतारावर तर घोड्याचीही गरज नव्हती. वाघीण गुरुत्वाकर्षणाने धावे आणि माणूस लाकडी दांड्याचा ब्रेक चाकावर दाबून तिला आवरत असे.

सुरुवातीला चाकेही लाकडाची होती. २०१३ साली न्यूकॅसलजवळ एका जुन्या जहाजबांधणीच्या आवारात उत्खनन करताना अठराव्या शतकातील लाकडी रुळांचा मार्ग सापडला. त्याला जोडून एक फाटा खोलगट जागेत उतरलेला होता. तेथे पाणी साठवून वाघिणींची चाके भिजवत असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, बैलगाडीच्या चाकाची धाव ढिली होते, मग चाक पाण्यात बुडवून ठेवतात. दोन दूरच्या प्रदेशांनी लाकडाचा एकच स्वभाव ओळखला होता.

आता नावाकडे वळू. चॉल्ड्रन हे मुळात वाघिणीचे नाव नव्हे, कोळशाचे माप आहे. कोळशावर राजाचा कर होता आणि तो दर चॉल्ड्रनला ठरलेला होता. कर मापाच्या संख्येवर असेल, तर व्यापारी काय करील? तो माप फुगवील! १४२१ साली पाचव्या हेन्रीच्या काळात यावर कायदाच करावा लागला. वीस चॉल्ड्रनच्या म्हणून नोंदलेल्या नावांत बावीस-तेवीस चॉल्ड्रन कोळसा भरला जात होता. तरी माप वाढतच राहिले. सतराव्या शतकाच्या अखेरीस अशी नाव आठच चॉल्ड्रनची धरली जाई. नाव लहान झाली नव्हती, चॉल्ड्रन मोठा झाला होता. अखेर न्यूकॅसलचा चॉल्ड्रन ५३ हंड्रेडवेटचा, म्हणजे सुमारे २.७ टनांचा ठरवण्यात आला. वाघीण याच मापाची बांधू लागले. ती भरली की माप झाले. वेगळा तराजू नको.

लंडनचा चॉल्ड्रन मात्र याच्या जेमतेम निम्मा होता, आणि तो वजनाने नव्हे, तर आकारमानाने मोजत. ३६ बुशेल म्हणजे एक चॉल्ड्रन, आणि प्रत्येक बुशेल शीग लावून भरायचा, आपण पायली भरतो तसा. येथे फसवणुकीला जागा होती. कोळशाची मोठी ढेपळे फोडली, की तुकड्यांमध्ये पोकळ्या वाढतात आणि तोच कोळसा जास्त जागा व्यापतो. व्यापारी ढेपळे विकत घेत आणि फोडून विकत. १८३५ च्या कायद्याने कोळसा वजनानेच विकण्याचे बंधन आले आणि चॉल्ड्रन हे माप इतिहासजमा झाले. वाघिणीने मात्र ते नाव सोडले नाही.

पुढे लोखंडी रूळ, मोठ्या वाघिणी आल्या. चॉल्ड्रन मागे पडल्या, तरी सीहॅम बंदरात त्या १९७० च्या दशकापर्यंत कामावर होत्या. १९७२ साली लोकांसाठी खुल्या झालेल्या बीमिश येथील खुल्या संग्रहालयात अशा वाघिणी जपल्या आहेत.

पण जपायचे म्हणजे काय करायचे? कोळशाची भुकटी ओल धरून ठेवते. कोळशातील गंधकाच्या संयुगांपासून आम्ल बनते, ते लोखंड खाते. लाकूड कुजते. काम करत असतानाच वाघिणीच्या कितीतरी फळ्या बदललेल्या असतात. कुजलेली फळी काढून नवी बसवली तर वाघीण टिकते, पण जुना पुरावा जातो. नाही बसवली, तर सगळीच जाते. फळी बसवताना जाडी थोडी चुकली, बाजूचा कल बदलला, तर आतले आकारमान बदलते. उत्तरकाळात काही वाघिणी मोठ्या बांधल्या गेल्या. समोरची वाघीण खरोखर ५३ हंड्रेडवेटची होती का, हे आतली मापे घेऊनच कळेल. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रत्येक माप, खिळा आणि झीज यांची नोंद करायला हवी, असे आम्हांला वाटते. या वाघिणीत सर्वांत जपण्याजोगी आहे ती तिच्यातली रिकामी जागा. शेकडो वर्षांचा कर, व्यापार आणि लबाडी त्या जागेत मोजली गेली आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. एका विटेचे आकारमान लांबी, रुंदी, उंची मोजून काढा. मग ती फोडा आणि सगळे तुकडे पुठ्ठ्याच्या त्याच मापाच्या खोक्यात बसतात का ते पाहा. वजन मात्र दोन्ही वेळा करा. आणि मुलांना घरी जुनी पायली, शेर, मापटे आहे का ते शोधायला सांगा. असेल तर घासून चकचकीत करण्याआधी त्यात पाणी किती मावते ते मोजा, काठावरच्या खुणा वहीत उतरवून घ्या. मोडीत घालायला फार वेळ लागत नाही.