ध्वनितारेची दिशा
घरगुती स्टिरिओ संचातील तार ठरावीक टोकाकडून जोडल्यास आवाज सुधारतो, अशी धारणा.

तांब्याची तार साच्यातून एकाच दिशेने ओढली जाते. त्यामुळे धातूच्या स्फटिककणांची ठेवण एका बाजूस झुकते व संकेत त्या दिशेने सुकर वाहतो, असे या धारणेचे समर्थक मानतात. काही उत्पादक तारेवर बाणही छापतात. परंतु ध्वनिसंकेत हा प्रत्यावर्ती प्रवाह आहे (पहा : प्रत्यावर्ती प्रवाह). १,००० हर्ट्झच्या स्वरात प्रवाह सेकंदाला २,००० वेळा उलटतो. तार एका दिशेस अधिक वाहक असती, तर ती अंशतः डायोडसारखी वागली असती (पहा : डायोड) आणि ते विरूपण मापकावर दिसले असते, साध्या तांब्यात ते दिसत नाही. मापकाला न कळणारे कानाला कळते, हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. त्याची कसोटी म्हणजे जोडणीची बाजू श्रोत्यापासून लपवून घेतलेली अंध श्रवणचाचणी. शिवाय तार उलटवताना प्लग पुन्हा बसतो, संपर्कावरील ऑक्साइडचा थर घासला जातो. म्हणजे ऐकू आलेला बदल खरा असूनही त्याचे कारण दिशा नसू शकते.

बाणाला खरा अर्थ आहे तो वेगळ्या रचनेत. दोन गाभ्यांच्या काही तारांत बाहेरचे जाळीदार कवच एकाच टोकाला, बहुधा स्रोताकडे, जोडलेले असते (पहा : भूसंपर्कन). अशी तार उलटवल्यास ५० हर्ट्झ वीजपुरवठ्याची गुणगुण कमीजास्त होऊ शकते. प्रकाशीय एचडीएमआय तारांत दोन टोकांची मंडलेच भिन्न असल्याने त्या सामान्यतः उलट चालत नाहीत.